पाचवीला कुठे घालायचं?

एक मेला निकाल लागतो आणि दोन मेपासून आमच्या घराचं दार बंद राहत नाही. सोलापूरच्या उन्हात दुपारी कुणी बाहेर पडत नाही, म्हणून बाया असरनंतर येतात. पाणी पितात, ओढणीने कपाळ पुसतात, पिशवीतून निकालपत्रक काढतात. निकाल दाखवणं हे निमित्त. खरा प्रश्न निघतो तो उठताना, चपला पायात सरकवत. "आपा, पाचवीला कुठे घालायचं?"

मी महानगरपालिकेच्या उर्दू शाळेत शिकवते. सहावी ते आठवीला मराठी आणि इतिहास-भूगोल. त्यामुळे माझं उत्तर समोरच्या बाईला आधीच ठाऊक असतं आणि बहुतेक वेळा तिला ते नको असतं. तिला हवी असते परवानगी. 'आमच्याकडे नको, तिकडे घाल' असं एका मुन्सिपाल्टीच्या शिक्षिकेनेच म्हटलं की तिच्या मनावरचं ओझं उतरतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

हा प्रश्न पाचवीलाच का पडतो, तेही सांगते. आपल्याकडे पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून हायस्कूल अशी जुनी रीत. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे ठरले. पण कागद बदलला म्हणून सवय बदलत नाही. अनुदानित हायस्कुलांची पाचवी अजून भरते, आणि चौथी झाली की दाखला काढायचा ही रीतही तशीच आहे. मोहल्ल्यातल्या शाळेची परीक्षा म्हणून दर वर्षी मे महिन्यात होते. मुलं पास झालेली असतात, शाळा पास होते की नाही ते पालक ठरवतात.

याच शाळेत मी स्वतः सातवीपर्यंत शिकले. तेव्हा हेडमास्तर शेरवानी घालून यायचे आणि त्यांच्या सायकलीची घंटी ऐकू आली की गल्लीतली मोठी माणसंसुद्धा बिडी विझवायची. आमच्या वर्गात डॉक्टरांची मुलगी होती, बागवानांची होती, यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या तर कितीतरी. सगळ्यांचं पोतं एकच, फळाही एकच. शाळा चांगली की वाईट हा विचारच कुणी करत नव्हतं. ती आपली शाळा होती.

नोकरीत बदल्या होत होत काही वर्षांपूर्वी मी परत तिथेच आले, तेव्हा शाळेचं नाव पार उतरलेलं होतं. 'खिचडीवाली शाळा' म्हणायचे लोक. हे नाव ठेवणारे बहुतेक तिथेच शिकून मोठे झालेले. शिक्षक बिघडले म्हणून असं झालं का? काही शिक्षक खरोखर वाईट होते, खोटं कशाला बोलू. पण माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं त्याचा क्रम वेगळा आहे. गिरण्या बंद पडल्या, मोहल्ल्यात पैसा कमी झाला, आणि ज्यांच्याकडे थोडा राहिला त्यांनी मुलं इंग्रजी शाळेत घातली. आधी दुकानदारांची गेली. मग नोकरदारांची. मग आम्हा मास्तरांचीच.

जे गेले ते तक्रार करू शकणारे होते. नळ तुटला तर ऑफिसात जाऊन विचारणारे, शिक्षक महिनाभर नाही आले तर शिक्षण मंडळात अर्ज देणारे, नगरसेवकाला रस्त्यात गाठणारे. मागे राहिल्या त्यांच्या आया दिवसभर बिडी वळतात, कपडे शिवतात, धुणी-भांडी करतात. शाळेत बोलावलं तर त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. त्या तक्रार करत नाहीत. मग शाळा शांत होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय. शाळा पडते ती अशा शांततेत.

आता माझी गोष्ट. माझी थोरली मुलगी नर्सरीपासून इंग्रजी शाळेत आहे. एका वर्षी मे महिन्यात एक बाई आली होती. मुलगी हुशार, चौथीत पहिल्या तिघांत. मी तिला आमच्या शाळेबद्दल चांगलं अर्धा तास सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपा, तुमची बेटी कुठे जाते?" मी शाळेचं नाव सांगितलं. ती काही बोलली नाही. ओढणी सारखी केली, उठली, सलाम केला आणि गेली. आठवड्याभरात तिने मुलीचा दाखला नेला. तिच्यावर रागवायचा मला काय हक्क होता?

आमच्या मोहल्ल्यात आणखी एक गंमत चालते. एप्रिल संपता संपता हायस्कुलांचे शिक्षक घरोघरी फिरू लागतात. दप्तर देऊ, वह्या देऊ, रिक्षाचं भाडं आम्ही भरू. त्यांनाही नावं ठेवता येत नाहीत. शाळेला किती शिक्षक मंजूर होणार ते पटावर ठरतं आणि पट घसरला की सगळ्यात नवा शिक्षक 'अतिरिक्त' ठरून भलतीकडे जातो. आम्हीही फिरतो. फक्त आमच्या पिशवीत दप्तर नसतं. एकाच ओट्यावर दोन शाळांचे शिक्षक समोरासमोर आले की दोघंही चहा घेतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारतात. बिचारी आई गोंधळते. तिला वाटतं, जो जास्त देतो त्याची शाळा चांगली.

आणि इंग्रजी शाळेचं स्वप्न तर प्रत्येक घरात आहे. कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी आहेत. पण दोन गोष्टी पालकांना कुणी नीट सांगत नाही. पहिली, हा प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो, म्हणजे नर्सरी किंवा पहिली. पाचवीला नाही. दुसरी, फी माफ असते ती आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फी भरावी लागते आणि तेव्हा मुलाला बाहेर काढायची वेळ येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. निकाल योग्यच होता. पण मधल्या काही महिन्यांत आमच्या गल्लीत लोक काय म्हणत होते, ते माझ्या कानांवर अजून आहे. "म्हणजे आता आमच्या पोरांना मुन्सिपाल्टीतच ढकलणार." ढकलणार! मी त्याच शाळेत रोज सकाळी जाते.

नाव पडायला वीस वर्षं लागली होती. ते परत यायला लागलं ते मात्र मजेशीर तऱ्हेने.

झालं असं की शाळेत दोन-तीन तरुण शिक्षक बदलून आले, त्यांना शिकवायची हौस होती. गणित-विज्ञान सेमी इंग्रजीने सुरू झालं. आणि शाळा व्यवस्थापन समितीवर एक बाई आल्या. या समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या बाया असाव्यात असं कायदाच सांगतो, पण बऱ्याच ठिकाणी समिती रजिस्टरात असते, सह्या घरी जाऊन आणतात. या बाई शिवणकाम करतात, सातवी शिकलेल्या. त्यांनी मुलींच्या शौचालयाचा अर्ज लिहिला. माझ्याकडून मराठी तपासून घेतलं, बाकी सगळं त्यांचं. तीन वेळा ऑफिसात गेल्या. तिसऱ्या वेळी साहेब जेवायला गेले होते, तर या दारातच बसल्या. महिन्याभरात कडी लागली, टाकी बसली.

हे सगळं होऊन दोन वर्षं झाली तरी मोहल्ल्यात कुणी दखल घेतली नव्हती. मग आमच्या काही मुली एनएमएमएसमध्ये आल्या. ही आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा, केंद्र सरकारची. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये थेट खात्यात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत हवं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देताच येत नाही. फी भरून ज्यांनी मुलं तिकडे नेली, त्यांनी ही वाट स्वतःच बंद केली आणि बहुतेकांना ते माहीतही नाही. तर त्या मुलींची नावं एका शुक्रवारी मशिदीत जुम्म्यानंतर सांगितली गेली. बस्स. शौचालय, सेमी इंग्रजी, वह्या तपासणं, हे जे दोन वर्षांत झालं नाही ते एका घोषणेने झालं. पुढच्या मे महिन्यात लोक विचारायला येऊ लागले.

काहींचा प्रश्न मात्र वेगळा होता. "आपा, शिकवतात चांगलं, ते कळलं. पण वर्गात मुलं कुणाची असतात हो?"

शाळा हवी, पण तिथली मुलं नकोत. मी अशा वेळी समोरच्याला विचारते, तुमचे वालिद कुठे शिकले? निम्म्या वेळा उत्तर आमच्याच शाळेचं निघतं.

मग शाळा बघायची कशी? मी तरी असं सांगेन. प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा सगळे हसतमुख असतात. जून-जुलैतल्या एखाद्या साध्या मंगळवारी, दुसऱ्या-तिसऱ्या तासाला जा. पहिल्या नंबरच्या मुलाची वही मागू नका, मधल्या बाकावरच्याची मागा. तांबड्या शाईच्या सह्यांखाली तारखा बघा. एकाच दिवशी वीस पानांवर सही झाली असेल तर समजून घ्या. सहावी ते आठवीला किती शिक्षक मंजूर आहेत आणि किती हजर आहेत ते विचारा. विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना वेगवेगळा शिक्षक हवा, आणि पस्तीस मुलांमागे एक, असं कायद्यात आहे. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. विचारणारा पालक दिसला की चांगल्या शिक्षकाला बरंच वाटतं.

मुलगी असेल तर मात्र सगळ्यात आधी शौचालय बघा. नुसतं आहे का ते नाही. कडी आतून लागते का, पाणी येतं का, दार मैदानाकडे उघडतं की आडोशाला. मी आमच्या शाळेत अशा मुली पाहिल्या आहेत ज्या सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. सहावी-सातवीत अंगात बदल होतात, महिन्याचे चार दिवस घरी राहणं सुरू होतं. मग चाराचे सहा होतात, मग एक दिवस आई येऊन सांगते, "घरी काम आहे, आता नाही येणार." सच्चर समितीने २००६ च्या अहवालात लिहिलं होतं की ६ ते १४ वयोगटातली एक चतुर्थांश मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच सुटली. त्या आकड्यात कडी नसलेल्या दारांचा वाटा किती, ते कुठल्या अहवालात मी वाचलेलं नाही. पण माझ्या हजेरीपटात तो मला दिसतो.

आणि अंतर. लांबच्या नावाजलेल्या शाळेसाठी रिक्षा लावली जाते. घरात कुणी आजारी पडलं, मागावर काम नाही मिळालं, की सगळ्यात आधी रिक्षा बंद होते. मुलगा सायकलवर जातो. मुलगी घरी बसते. चालत दहा मिनिटांवरची शाळा, मग ती थोडी कमी नावाची का असेना, मुलीला दहावीपर्यंत नेण्याची शक्यता जास्त. हे मी कुठे वाचून सांगत नाही, अठरा वर्षं बघून सांगते.

फीचंही तेच. मागे एक मुलगा आमच्याकडे आठवीत आला. सातवीपर्यंत इंग्रजी शाळेत होता. वडिलांचं काम गेलं, फी थकली, शाळा दाखला देईना. खरं तर आठवीपर्यंत दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, त्याला आम्ही आधी वर्गात बसवलं आणि कागद नंतर आणले. पण मुलगा गप्पच असायचा. उर्दू वाचता येत नव्हतं, मराठी अडखळत, आणि इंग्रजीत पाठ केलेली उत्तरं, ज्यांचा अर्थ त्याला सांगता यायचा नाही. तीन भाषा अर्ध्या-अर्ध्या. तो वाईट मुलगा नव्हता. सात वर्षं त्याच्या घरच्यांनी पोट मारून फी भरली होती.

आमची शाळा जन्नत आहे असं मात्र कुणी समजू नका. आमच्या मुलांना इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली अजून एकाच माणसाच्या खिशात असते. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण सोडलं तर शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये असं कायदा म्हणतो, पण मतदारयाद्यांचं काम आलं की वर्ग उघडे पडतात. उर्दू माध्यमाच्या मुलांची मराठी कच्ची राहते हे तर मी मराठीची शिक्षिका म्हणून रोज भोगते. पुढे पोलीस भरतीला, तलाठ्याच्या परीक्षेला मराठीचेच प्रश्न येतात आणि आमची हुशार मुलं तिथे मार्क घालवतात. म्हणून माझ्या तासाला वर्तमानपत्र असतं, पाठ्यपुस्तक नंतर. आणि गेल्या वर्षापासून गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे.

हे सगळं माहीत असताना यंदा आमच्या घरात मुलाच्या पाचवीचा प्रश्न आला. तोही चौथीपर्यंत बहिणीच्याच शाळेत होता. मी म्हटलं, माझ्या शाळेत घालू. त्याचे अब्बा म्हणाले, "तुझी नोकरी वेगळी आणि पोराचं आयुष्य वेगळं." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, गणिताची जागा रिकामी आहे हे मीच तर घरी येऊन सांगत होते. दोन आठवडे आम्ही दोघं एकमेकांशी फक्त भाजी आणि विजेचं बिल यावर बोललो. शेवटी सासूबाई तसबीह हातात धरून म्हणाल्या, "जिथे पगार घेतेस तिथे पोराला पाठवायला काय होतं? आणि पाठवायला लाज वाटत असेल तर पगार कसा घेतेस?" त्या आमच्या दोघांकडेही बघत नव्हत्या. थोरलीचं काय, हे कुणी विचारलं नाही. ती नववीत आहे, आता हलवता येत नाही. तिला दादीने लिहिलेली उर्दू चिठ्ठी वाचता येत नाही, ते राहूनच गेलं.

जूनमध्ये मुलगा पाचवीत बसला. पहिले पंधरा दिवस घरी येऊन रडला. नाजरा झाल्यामुळे अक्षरं ओळखीची, पण फळ्यावरचं उर्दू झरझर वाचता येईना, इमल्यात दहापैकी दोन. शेजारी बसणारा मुलगा त्याला मधल्या सुट्टीत अक्षरं जोडून दाखवतो आणि त्याबदल्यात हा त्याला इंग्रजीची स्पेलिंगं सांगतो. त्या मुलाची आई बिडी वळते. खिचडी दोघं एका ताटात खातात, हे मला स्वयंपाकाच्या खालांनी सांगितलं. मुलाने घरी सांगितलं नव्हतं, बहुतेक अब्बांच्या भीतीने.

जुलैत पालकांची सभा झाली. शिक्षकांच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, पालक सतरंजीवर. मी सवयीने खुर्चीकडे निघाले तर समितीच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी हाक मारली, "आपा, तुम्ही आज इकडे बसा. आज तुम्ही पोराच्या अम्मी आहात." मी सतरंजीवर बसले. त्यांनी कागद काढला. गणिताच्या शिक्षकाची जागा भरा असा अर्ज, मराठीत, स्वतः लिहिलेला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. कागद फिरत माझ्याकडे आला तेव्हा त्यावर दोन सह्या आणि एक अंगठा होता. मी त्यांच्याखाली सही केली आणि कंसात लिहिलं, पालक, इयत्ता पाचवी.